बुधवारचं पान

विद्यापीठ कॉलनी
रविवार, ९ जुलै १९७२

ती. नाना,

हे पाकीट बघून दचकू नका, इथं सगळे बरे आहेत. नऊ वर्षं तुम्हाला माझं कार्डच येतं, दोन ओळींचं. कार्डात भांडता येत नाही आणि बोलताही येत नाही, म्हणून आपल्या दोघांना ते बरं पडतं. आज मात्र मला तुम्हाला एक विचारायचं आहे आणि ते कार्डात मावणार नाही.

इथं प्राध्यापकांच्या बायकांचं महिला मंडळ आहे. आजवर आम्ही हळदीकुंकू केलं, विणकाम केलं, एकदा केकचा वर्ग काढला आणि अख्ख्या कॉलनीला करपलेला केक खायला घातला. यंदा अध्यक्षीणबाईंनी ठरवलं की मुलींना शिकवायचं. अध्यक्षीणबाई म्हणजे विजयमालाबाई, यांच्या विभागप्रमुखांच्या पत्नी. त्या ठरवतात तेव्हा आम्ही माना डोलावतो. पण या वेळी मान मनापासून डोलली. आसपासच्या गावांत शाळा सातवीपर्यंत. पुढं मुलगे सायकली मारत हायस्कूलला येतात आणि मुली शेण गोळा करतात.

पहिली मुलगी मिळाली ती तुमच्या पारनेरकडचीच. चांगुणा तिचं नाव. तिचे वडील सहादेव इथं विद्यापीठाच्या फार्मवर मजुरीला होते. पाऊस नाही, फार्मवरचं काम आटलं, तेव्हा नवराबायको गावाकडं खडी फोडायच्या कामावर निघाले. पोरगी सातवीला केंद्रात पहिली. तिची आई, गोजरबाई, मला म्हणाली, "ठिवून घ्या बाई. हितं राह्यली तर शिकंल, तिकडं आली तर हातुडा धरंल." ती रात्री झोपेल बालवाडीमागच्या खोलीत, झुंबरबाईंजवळ. त्या बालवाडी झाडतात, मुलांना पाणी पाजतात, एकट्याच असतात. प्रश्न राहिला जेवणाचा.

तेव्हा मी म्हणाले, वार लावू. आठवड्याचे सात वार, सात घरं. सकाळी शाळेआधी त्या घरी जेवायचं, संध्याकाळचा डबा तेव्हाच बरोबर घ्यायचा, म्हणजे अंधारात हेलपाटा नको. कल्पना सगळ्यांना इतकी आवडली की पाच मिनिटांत वार संपले. माझी मैत्रीण शोभा म्हणाली, "सोमवार माझा." विजयमालाबाईंनी रविवार घेतला. मी हात वर करते तोवर उरला बुधवार. तो कुणालाच नको होता, का कोण जाणे. शिवाय मी एक नियम घालून घेतला: घरातली बाई जे जेवेल तेच चांगुणाच्या पानात पडेल, उरलंसुरलं नाही. त्यावर टाळ्यासुद्धा पडल्या.

तुम्ही मास्तर व्हायच्या आधी नगरला असेच वार लावून शिकलात हे मला आत्यानं सांगितलं होतं. तुम्ही कधीच नाही. म्हणून विचारते, तुमच्या वेळी हे कसं चालायचं? काही सांभाळावं लागतं का? मी मॅट्रिक झाले, पुण्याच्या कॉलेजातून जागा मिळाल्याचं पत्र आलं, ते तुम्ही घडी करून कोटाच्या खिशात घातलंत आणि "नाही" म्हणालात. मार्गशीर्षात माझं लग्न झालं. तेव्हाचं मी काही विचारत नाही. हे एवढंच विचारते.

नीलांबरी

•

बुधवार, ३० ऑगस्ट १९७२

ती. नाना,

तुमचं उत्तर नाही. आईच्या कार्डात तुमचा खोकला आहे, शेजारच्यांची म्हैस आहे, तुम्ही नाही. असो. मी आपली लिहिते. दुपारी हे फार्मवर जातात, मुलं निजतात आणि मला लिहायला बसलं की बरं वाटतं.

इथल्या दुपारी तुम्ही पाहिल्या नाहीत. पिवळ्या भिंतींची एकसारखी घरं, त्यापुढं प्रयोगाचे वाफे. प्रत्येक वाफ्याच्या डोक्याशी पत्र्याची पाटी आणि तिच्यावर आकडे. यंदा पाटीमागं पीक बोटभर आहे, कुठं तेही नाही. वारा आला की पाट्या किणकिणतात. त्या आवाजानं माझा डोळा लागतो आणि नेहमीचं एक स्वप्न पडतं. लांबलचक पंगत आहे, मी वाढते आहे, आणि शेवटच्या पानावर कोण बसलंय ते दिसत नाही. मी चालते आणि पंगत संपतच नाही. तुम्ही म्हणायचात, नीलू भाताच्या वाफेतसुद्धा स्वप्नं बघते. अजून बघते, नाना. भात मात्र आता लागू देत नाही.

आज बुधवार, चांगुणाचा माझ्याकडचा दिवस. तुम्हाला सांगू का, ही पोर माझ्या हातच्या जेवणावर इतकी खूष आहे की मला लाज वाटते. साधं पिठलं, भाकरी, ठेचा. ती पाटावर बसते, आधी भाकरीचा वास घेते, मग जेवते. खाली मान घालून, न बोलता, घाई न करता, पण थांबतही नाही. मी विचारते, "अजून?" ती म्हणते, "न्हाई काकू, लई झालं." मी तरी टाकते, आणि ती तेही संपवते. शोभाला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "माझ्याकडे चिमणीसारखं खाते. तुझ्या हाताला चव आहे बाई." मी दिवसभर तरंगत होते. नऊ वर्षांत यांनी एकदा म्हटलेलं नाही.

अभ्यासात ती चांगली आहे. शाळेतून येताना वाफ्यांवरच्या पाट्यांचे आकडे मनात बेरीज करत येते. मी तिला विचारलं, "शिकून काय करशील?" ती म्हणाली, "मास्तरीन." मग म्हणाली, "आमच्या वाडीत. म्हंजी पोरींना कुठं जावं लागाया नको."

मी मास्तरीण झाले असते का, नाना? मला नऊ वर्षांनीही तुमचा राग येतो. पण दुपारी त्याची धार कमी होते, एवढं खरं.

नीलांबरी

•

शनिवार, २१ ऑक्टोबर १९७२

ती. नाना,

तुमचं कार्ड नवरात्रात आलं. वर नाही मायना, खाली नाही आशीर्वाद. एकच ओळ: "बुधवारी एवढी जेवते, तर बाकीचे दिवस काय जेवते ते बघ."

मी चिडले. मला वाटलं, नऊ वर्षांनी हा माणूस लिहितो आणि माझ्या पिठल्यातही खोट काढतो. कार्ड मी डब्याखाली सरकवलं आणि विसरायचं ठरवलं. तुमचीच मुलगी.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेत प्रार्थनेला चांगुणा उभीच्या उभी खाली बसली. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, पोरगी नीट जेवत नाही का? मी म्हणाले, अहो, सात घरची जेवते. हे बोलता बोलता मला तुमचं कार्ड आठवलं आणि मी तशीच झुंबरबाईंकडे गेले.

झुंबरबाई म्हणाल्या, "बाई, आता इचारताय तर सांगते. त्या पोरीला भाकर मिळती ती तुमच्या वारी. बाकी सारं उपासाचं."

मला कळेना. मग त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. सोमवार शोभाताईंचा, त्यांचा शंकराचा उपास. मंगळवारवाल्यांचा गणपतीचा. गुरुवारी दत्त, शुक्रवारी देवी, शनिवारी मारुती, आणि विजयमालाबाईंचा रविवार सूर्याचा. उपासाच्या दिवशी अन्नदान केलं की पुण्य जास्त, म्हणून प्रत्येकीनं आपापला उपासाचा वार धरलेला. बुधवार का कुणाला नको होता ते आता समजलं. आणि वर माझा तो नियम, बाई जे जेवेल तेच मुलीला. घरात नवऱ्यापोरांना वरणभात, आणि चांगुणाच्या पानात मोठ्या प्रेमानं, साजूक तुपातली साबुदाण्याची खिचडी. कुठं भगर, कुठं रताळं. डब्यातही तेच. बायका संध्याकाळी उपास सोडत, ही सोडत नसे. दुसऱ्या दिवशी पुढच्या घरचा उपास. त्यात नवरात्र आलं, म्हणजे विचारूच नका. शेजारच्या बाईंच्या दारावरून जाताना फोडणीचा वास आला की पोर उभी राहायची, असं झुंबरबाई म्हणाल्या.

मी चांगुणाला विचारलं, तू बोलली का नाहीस? ती म्हणाली, "देवाचं हुतं ते काकू. देवाच्याला न्हाई कसं म्हनायचं? आन् आई तिकडं रेशनचा मिलो खाती, ती परदेशी तांबडी जवारी. मला तर तूप मिळत हुतं."

मंडळाची बैठक बोलावली. मी सांगितलं तेव्हा पहिल्यांदा शोभा हसली, आणि हसता हसता तोंडाला पदर लावून बसली. विजयमालाबाई ताठ झाल्या. "म्हणजे आम्ही मुलीला उपाशी ठेवलं म्हणायचं?" मग त्याच म्हणाल्या, "ती पुरे म्हणायची, आणि मी मैत्रिणींना सांगायचे, मुलगी किती संयमी आहे." उपाय अगदी सोपा निघाला: सगळ्यांनी एकेक वार पुढं सरकायचं. रविवारवाल्यांनी सोमवार, सोमवारवालीनं मंगळवार. मी गुरुवारी. कुणीतरी चाचरत विचारलं, "पण उपासाच्या दिवसाचं पुण्य?" विजयमालाबाई म्हणाल्या, "पोरीचं पोट भरलं की सोमवारीही लागेल."

पण उशीर झाला, नाना. गोजरबाईला निरोप गेला होता. ती आली, पोरीच्या दंडाला हात लावून बघितला आणि व्हरांड्यातच बसली. आत या म्हटलं तर आली नाही. म्हणाली, "बाई, पोर शिकाया ठिवली हुती, वाळवाया न्हाई." मी सगळं समजावलं, वार बदलले तेही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "तुमचं मन वाईट न्हाई, मला कळतंय. पर ही पोर तोंड उघडत न्हाई. उद्या आनीक काय झालं तर ती मरंल, पर बोलायची न्हाई. माझ्या डोळ्यापुढं राहूंद्या. खडी फोडंल, पर माझ्यासंगं मिलो तरी खाईल."

काल ती चांगुणाला घेऊन गेली. दिवाळीनंतर धाडेन म्हणाली नाही आणि धाडणार नाही असंही म्हणाली नाही. पुस्तकं इथंच आहेत, झुंबरबाईंच्या कोनाड्यात. मी मघाशी तिकडं गेले होते. भूगोलाच्या पुस्तकात तिनं खूण म्हणून मोराचं पीस ठेवलंय. मला त्या खोलीत रडू आलं, आणि ते तिच्यासाठी होतं की भूगोलासाठी, ते सांगता येणार नाही.

तुम्ही एका ओळीवरून ओळखलंत. कसं, ते आता मला विचारायचं धैर्य नाही.

नीलांबरी

•

गुरुवार, २३ नोव्हेंबर १९७२

ती. नाना,

तुम्ही आलात आणि गेलात. परवा दुपारी अर्धवट झोपेत फाटक वाजलं. बघते तर धोतराला लाल धूळ लागलेले तुम्ही, आणि तुमच्या मागं चांगुणा. मला वाटलं मी अजून स्वप्नातच आहे. पंगतीतल्या शेवटच्या पानावरचा माणूस उठून दारात आला असं वाटलं. तुम्ही म्हणालात, "ही घे तुझी विद्यार्थिनी." चहा घेतलात, नातवंडांच्या डोक्यावरून हात फिरवलात आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठलात. मी पाया पडले तेव्हा तुमचा हात माझ्या डोक्यावर जरा जास्त राहिला, की मलाच तसं वाटलं, ठाऊक नाही.

एवढं मोठं काम करून आलात आणि एक अक्षर बोलला नाहीत. मला सगळं आज कळलं. आज गुरुवार, माझा नवा वार. जेवता जेवता चांगुणानं सांगितलं. तुम्हाला काय झालं ते ठाऊकच आहे, पण मी ते कसं ऐकलं ते तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून लिहिते.

ती म्हणाली, "तुमचं नाना आमच्या खडीवर आल्ते. भर उनाचं. मुकादमाला वाटलं सायेब आलाय, त्यो उठून उबा राह्यला. नाना आईजवळ खडीच्या ढिगावरच बसले. आई म्हनली, पोर न्हाई धाडायची. नाना म्हनले, नका धाडू. मी तुमच्या जागी आसतो तर मी बी न्हाई म्हनलो आसतो. मी म्हनलो बी हाय."

माझा हात भाकरीवरच थांबला. मी विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हनले, मी सात वर्सं लोकाच्या घरी जेवलो. एका घरी पान दाराबाहेर मांडायचे. एका घरी सुतक हुतं, यिऊ नको म्हनून सांगायचं राह्यलं, आन् मी जेवाया दारात उबा. भूक लागली तरी कदी म्हनलो न्हाई की वाढा. माझी पोर हुशार हुती. तिला पुन्याला घालायची, तर तितल्या नातेवाइकांनी कळवलं, आमी सात घरं मिळून तिचं बघू. मला तिचं पान दिसाया लागलं. येका येका दारातलं. म्हून मी न्हाई म्हनलो, आन् तिचं लगीन लावून दिलं. तिला कारन सांगितलं न्हाई. मला मागाया येत न्हाई, तसं सांगाया बी येत न्हाई."

नाना, भाकरी तव्यावर करपली. चांगुणा म्हणाली, "काकू, धूर." मी ती काढून बाजूला ठेवली आणि तिथंच चुलीपाशी बसले. नऊ वर्षं मला वाटत होतं की मुलगी म्हणून तुम्ही मला कमी लेखलंत. तुम्ही सात घरांची नावं मला नुसती सांगितली असतीत तरी मी गेले असते, आणि जाऊन भांडून जेवले असते. मी तुमच्यासारखी नाही, नाना, मी आईवर गेले आहे. हे लिहिताना मला राग येतो आहे आणि तुमच्या डोक्यावरून हात फिरवावासाही वाटतो आहे, दोन्ही एकदम.

मग तिनं पुढचं सांगितलं. गोजरबाई तुम्हाला म्हणाली, "मंग मास्तर, तुमीच सांगताय वाईट हाय, आन् तुमीच न्याया आलाय?" तुम्ही म्हणालात, घरं वाईट नव्हती, न मागणं वाईट होतं. तुम्ही घरून आईनं दिलेला तुमचा डबा सोडलात, चांगुणाला समोर बसवलंत, तिच्या हातावर एक पोळी ठेवलीत. ती खाऊन झाल्यावर म्हणालात, आता माग. ती गप्प. तुम्ही डबा झाकलात. ती तरी गप्प. खडी फोडणाऱ्या सगळ्या बाया हातोडे थांबवून बघायला लागल्या. शेवटी ती पुटपुटली. तुम्ही म्हणालात, ऐकू आलं नाही. गोजरबाईच ओरडली, "आगं माग की, तोंड दिलंय न्हवं देवानं." तेव्हा ती म्हणाली, "नाना, अजून येक द्या." तुम्ही दिलीत. परत मागायला लावलंत, परत दिलीत. डबा रिकामा झाला आणि तुम्ही उपाशी आलात, हे तुमच्या पोरीला तुम्ही चहा पिताना सांगितलं नाहीत. मी तुम्हाला नुसत्या चहावर पाठवलं. तुम्ही मागितलं नाहीत. आता काय म्हणावं तुम्हाला.

गोजरबाई म्हणाली म्हणे, "आता जा. पर ज्या दिशी मागायची लाज वाटंल, त्या दिशी माघारी ये."

करपलेली भाकरी मी खाल्ली. चांगुणाला दुसरी वाढली.

नीलांबरी

•

गुरुवार, १८ जानेवारी १९७३

ती. नाना,

तिळगूळ आईच्या पुडक्यात घातला आहे. तुमच्यासाठी वेगळा, कमी चिकट, दातांना सोसेल असा.

चांगुणा नाताळाआधीच्या चाचणीत वर्गात दुसरी आली. पहिला नंबर एका मुलाचा आहे, त्याच्याकडे ती हल्ली फार बारकाईनं बघते, वार्षिकला त्याची धडगत दिसत नाही. सोमवारी विजयमालाबाईंकडे वरणभात होता. त्यांनी संध्याकाळी मुद्दाम येऊन मला सांगितलं. तिनं पान पुढं केलं आणि म्हणाली, "काकू, अजून भात वाढा. आन् वरन जरा घट्ट." बाई सांगताना इतक्या फुलल्या होत्या की मला वाटलं, यांना पुण्य आता लागलं. झुंबरबाईंचं म्हणणं, पोर आता जरा जास्तच मागते. त्यांच्या वाटणीच्या चहातसुद्धा.

पुढच्या जूनला मंडळ आणखी दोन मुली आणणार आहे, एक काष्टीकडची, एक राजूरच्या डोंगरातली. वार वाटून घेताना पहिला प्रश्न असा विचारायचं ठरलंय: तुमचा उपास कधी? त्यावर कुणी हसत नाही आता.

दुपारी अजून पाट्या किणकिणतात. अजून डोळा लागतो. काल तीच पंगत परत दिसली. या वेळी मी वाढत नव्हते. पान माझ्यापुढं होतं, कोरं, पाण्यानं पुसलेलं, आणि मी कुणाची तरी वाट बघत होते. संध्याकाळी मी यांच्याशी बोलले. हे म्हणाले, "विचार त्यांना. फार तर नाही म्हणतील." मी म्हटलं, ते त्यांना येतं.

तर नाना, विचारते. मी परीक्षेचा फॉर्म भरला आहे, बाहेरून बसायचं, कॉलेजच्या पहिल्या वर्षाचं. भूगोल घेतला आहे. एप्रिलात पेपर आहेत. इथं राहून अभ्यास होणार नाही, घर मला उठवतं. हे म्हणतात, मुलांकडं मी आणि झुंबरबाई बघू. मार्चपासून पेपर होईपर्यंत मला पारनेरला यायचं आहे. तुमच्या ओसरीवर बसून वाचायचं आहे. मी भांड्याला हात लावणार नाही, केर काढणार नाही, आईनं आयतं वाढायचं, आणि उपासाचं चालणार नाही. तुम्ही समोर बसून जेवायचं, मी दोनदा मागितलं तर दोनदा वाढायचं, आणि तुम्हाला हवं असेल तेव्हा तुम्हीही मागायचं. मी ऐकू आलं नाही असं म्हणेन.

माझे वार तुमच्याकडे लावा, नाना. सातही.

नीलू